चाकणचा बुरुज, लाल महालाची भिंत आणि घरातला कॅमेरा

चाकण म्हटलं की आता आधी आठवतात ते कारखाने, मग नाशिक रस्त्यावरचा ट्रॅफिक जॅम आणि सगळ्यात शेवटी कांद्याचा बाजार. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज... वीस-पंचवीस वर्षांत माळरानाचं रूप पार बदललं. आणि जिथे कारखाने, तिथे गृहप्रकल्प आलेच. मोशी, चिखली, महाळुंगे, चाकण या पट्ट्यात नवा फ्लॅट घेतलेल्यांची खरेदीची यादी जवळजवळ ठरलेली असते. मॉड्युलर किचन, इन्व्हर्टर, सेफ्टी डोअर आणि लगोलग वायफाय रूटर व दोन कॅमेरे. एक दाराबाहेर, एक हॉलमध्ये. नवरा-बायको दोघंही नोकरीला, घरी आजी-आजोबा आणि लहान मूल. ऑफिसात बसून मोबाइलवर घर दिसलं की जीवाला जरा बरं वाटतं.

मग कॅंटीनमध्ये हमखास प्रश्न येतो, "चायनीज घेऊ नका म्हणतात. मग दुसरा कुठला घ्यायचा?"

या प्रश्नाला एखाद्या ब्रँडचं नाव हे उत्तर पुरत नाही. माझं उत्तर जरा लांबून येतं. ते १६६० साली सुरू होतं आणि तेही चाकणमध्येच. इतिहासाचा कंटाळा असेल तर शेवटचे काही परिच्छेद आधी वाचा, हरकत नाही. पण तिथे दिलेला सल्ला का दिलाय हे कळायला मागे यावंच लागेल :)

चाकणला संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. आता पडके बुरुज, तटाचे तुकडे आणि खंदकाच्या खुणा एवढंच उरलंय. भुईकोट म्हणजे डोंगराचा आधार नाही. जी काय भिस्त ती तट, बुरुज आणि खंदक यांच्यावर. १६६० च्या मे महिन्यात औरंगजेबाचा मामा शायिस्तेखान प्रचंड फौज घेऊन पुण्यात उतरला. अहमदनगरहून येणारी रसद सुरक्षित राहायची तर चाकण ताब्यात हवं होतं. २१ जूनला तो चाकणपुढे येऊन ठाकला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. त्यांच्याकडे माणसं तीनशे-साडेतीनशे, आणि समोरची फौज वीस हजारांच्या घरात, असं सांगतात.

बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. खुद्द शिवाजी महाराज त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. जुलैत ते तिथून निसटून विशाळगडावर पोचले, पण चाकणला कुमक पाठवण्याइतकी फुरसत आणि फौज कुणाकडेच नव्हती.

तरीही भर पावसात किल्ला पन्नास दिवसांच्या वर लढला. चारही बाजूंनी मोर्चे लावून, तोफा डागूनही काम होईना, तेव्हा खानाने भुयार खणायला घेतलं. तटावरचा पहारेकरी बाहेरचा मुलूख बघतो, पायाखालची जमीन नाही. १४ ऑगस्टला भुयारातली दारू पेटवली आणि कोपऱ्याचा बुरुज वरच्या माणसांसकट उडाला. मुघल खिंडारातून आत घुसायला धावले, तर पुढे मातीचा दुसरा बांध! त्याच्या आडून मराठे बाण, बॉम्ब आणि दगडांचा मारा करत होते. ती रात्र मुघलांना खिंडारापाशीच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, किल्ला पडला. मुघलांचे २६८ मेले आणि ६०० जखमी झाले. खानाने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि महाराजांकडे निघून गेले. चाकणचं नाव काही काळ 'इस्लामाबाद' झालं.

आता पुढचा अंक. खान पुण्याला परतला आणि मुक्कामाला राहिला तो लाल महालात. म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतला, जिजाबाई आणि बाल शिवाजी ज्यात राहिले तो वाडा. (आज पुण्यात दिसतो तो लाल महाल महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेला, मूळचा नव्हे.) भोवती अफाट छावणी, चौक्या, पहारे. चाकणच्या तीनशे माणसांपुढे हा बंदोबस्त कैकपटींनी मोठा होता.

५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, महाराज निवडक माणसं घेऊन छावणीत शिरले. पहारेकऱ्यांनी हटकलं तेव्हा उत्तर मिळालं की आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, आपापल्या जागेवर चाललोय. मुघली फौजेत मराठे सरदार-शिपाई होतेच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. मग वाड्याची मागची बाजू. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्या मध्ये एक खिडकी विटा-मातीने बुजवलेली होती, असं खाफीखान लिहितो. तीच फोडून माणसं आत गेली. खानाचा मुलगा मारला गेला, खान बोटांवर निभावला. औरंगजेबाने त्याची रवानगी बंगालमध्ये केली.

शाळेत या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत येतात. त्या शेजारी ठेवून बघा. खान तोच. चाकणला तीनशे माणसांनी त्याला पन्नास दिवसांवर झुंजवलं. लाल महालात त्याच खानाची हजारोंची छावणी एका रात्रीत निष्प्रभ ठरली. का? कारणं अनेक आहेत, पण दोन अगदी उघड आहेत. एक, तो ज्यांच्याशी लढत होता त्यांच्याच घरात राहत होता. त्या घरात कुठली भिंत पक्की आणि कुठे नुसती बुजवलेली खिडकी, हे खानापेक्षा महाराजांना जास्त माहीत होतं. दोन, 'आम्ही आतलेच' एवढं म्हणणं हाच तिथे परवाना होता.

आणि चाकण तरी का पडलं? भुयार तटाखालून आलं म्हणून, आणि बाहेरून कुमक येऊ शकली नाही म्हणून.

म्हणजे प्रश्न झाले चार. घर कुणी बांधलंय? आत कोण येतं ते कशावरून ठरतं? तटाखालून वाट आहे का? आणि कुमक कोण पाठवणार? माझ्या मते घरातला रूटर आणि कॅमेरा निवडताना हेच चार प्रश्न विचारायचे असतात. 'कुठल्या देशाचा' हा त्यातल्या फक्त पहिल्याचा एक भाग झाला.

आता जरा या यंत्रांचा इतिहास. थेट नेटवर्कला जोडायचा पहिला कॅमेरा स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९६ मध्ये काढला. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून 'ऑनव्हिफ' नावाची व्यवस्था सुरू केली. हेतू हा की एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी बोलू शकावा. त्यानंतरच्या दशकात चीनमधल्या हिकव्हिजन आणि दाहुआ या कंपन्यांनी भाव इतके खाली आणले की कॅमेरा ही बँकेची आणि सराफाची वस्तू राहिली नाही, ती किराणा दुकानात आली आणि मग आपल्या हॉलमध्ये.

दुसऱ्या प्रश्नाचा फटका २०१६ मध्ये बसला. 'मिराई' नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरत फिरत कॅमेरे, डीव्हीआर आणि रूटर शोधायचा आणि कारखान्यातून ठरून आलेले साठेक नाव-पासवर्ड लावून बघायचा. बस्स. त्यात बुद्धीचं काम फारसं नव्हतं. लोक डबा उघडून कॅमेरा लावतात आणि पासवर्ड बदलत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर सगळा डोलारा. शिगेला पोचला तेव्हा सुमारे सहा लाख यंत्रं त्याच्या हुकमतीत होती. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यातल्याच यंत्रांनी 'डिन' या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या साइट्स कित्येकांसाठी तासन् तास बंद पडल्या. मिराई बनवणारे कुठल्या परकीय सरकारचे हेर होते का? छे! अमेरिकेतलेच तीन तरुण. पुढच्या वर्षी त्यांनी गुन्हा कबूल केला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं. कारण होतं मिराईचंच एक भावंडं. ग्राहकाच्या घरचा रूटर कंपनीला लांबून हाताळता यावा म्हणून ठेवलेल्या दारातून ते आत शिरू पाहत होतं. आपल्याकडेही फायबरवाला जो डबा लावून जातो, त्याला सहसा असं एक दार असतंच, आणि त्याची किल्ली आपल्याकडे नसते.

पहिला प्रश्न, म्हणजे घर कुणी बांधलं. हिकव्हिजनमध्ये चिनी सरकारी कंपनीचा मोठा हिस्सा आहे, आणि चीनच्या २०१७ च्या कायद्यानुसार तिथल्या कंपन्यांनी गुप्तचर यंत्रणेला सहकार्य करणं बंधनकारक आहे. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत २०१७ आणि २०२१ मध्ये दोन गंभीर भोकं जाहीर झाली. २०२१ मधलं तर असं होतं की पासवर्ड माहीत नसतानाही कॅमेऱ्याचा संपूर्ण ताबा घेता यावा. ती मुद्दाम ठेवलेली खिडकी होती की गवंड्याची चूक, यावर वाद घालता येईल. घरात राहणाऱ्याला मात्र दोन्हीचा परिणाम सारखाच. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान राज्यमंत्री, आपल्या अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी लोकसभेत सांगितलं की सरकारी संस्थांमधले सुमारे दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत.

मग ९ एप्रिल २०२४ ला केंद्र सरकारची अधिसूचना निघाली, आणि ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना नवे नियम लागू झाले. विक्रीआधी प्रयोगशाळेत सुरक्षेची तपासणी हवी. नुसतं विजेचा झटका बसतो का एवढं बघून भागणार नाही. फर्मवेअर, सोर्स कोड, चालू ठेवलेले पोर्ट, सुटे भाग कुठून आले, हे सगळं तपासायचं. परदेशी कंपन्यांनी बरीच कुरकुर केली. माझ्या मते नियम योग्यच आहे. घर बांधणाऱ्याकडे नकाशा मागायचा हक्क राहणाऱ्याला असायलाच हवा.

पण हे झालं म्हणून निर्धास्त व्हावं का? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली, महिलांच्या तपासणीची चित्रणं टेलिग्रामवर विकली जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले तरुणही होते. नंतर बातम्यांत आलं की देशभरातल्या कितीतरी कॅमेऱ्यांत ही मंडळी शिरली होती, आणि राजकोटचा पासवर्ड होता 'ॲडमिन१२३'. चीन नाही, गुप्तचर यंत्रणा नाही. 'आम्ही आतलेच' म्हणाले आणि दार उघडलं. ज्या बायकांची चित्रणं विकली गेली, त्यांना ना कॅमेरा निवडायचा अधिकार होता ना पासवर्ड बदलायचा. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

आता तिसरा प्रश्न, तटाखालचं भुयार. घरचा रूटर बाहेरून आत येणाऱ्याला सहसा अडवतो. पण आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. मोबाइल ॲपवर क्यूआर कोड स्कॅन केला की चालू होणारे बहुतेक स्वस्त कॅमेरे हेच करतात. ते स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी उघडून ठेवतात आणि तुमचा मोबाइल त्या सर्व्हरमार्फत घर बघतो. सोय उत्तम! पण चाकणला भुयार खानाला बाहेरून खणावं लागलं होतं. इथे ते आपण आतून खणून देतो, आणि त्याचं दुसरं तोंड कुठे आहे हे विचारतही नाही.

चौथा प्रश्न कुमकेचा, आणि याबाबतीत रूटरचा इतिहास फार छान आहे. २००२ च्या शेवटी लिंक्सिसने 'डब्ल्यूआरटी५४जी' हा निळा-काळा, दोन शिंगांचा रूटर काढला. २००३ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. त्याच सुमाराला काही चिकित्सक लोकांच्या लक्षात आलं की या रूटरच्या आत लिनक्स आहे, आणि लिनक्सच्या परवान्याप्रमाणे त्याचा कोड जाहीर करायला हवा. कंपनीला तो द्यावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला, तो आजही चालू आहे. कंपनीने ज्यांचे अपडेट कधीच बंद केले अशा कितीतरी रूटरना तो अजून कुमक पुरवतो. त्यामुळे नवीन रूटर घेताना मी आधी त्यांच्या यादीत मॉडेल आहे का ते बघतो आणि मग रंगरूप. मॉडेल नंबर मात्र आवृत्तीसकट जुळवायचा. एकाच नावाखाली कंपन्या आतली चिप बदलतात.

देशी पर्याय? तोही लांब नाही, गोव्यातच आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत कमलाक्ष नाईक यांनी नव्वदच्या दशकात नेटवर्किंगचं सामान बनवायचा उद्योग उभा केला. तैवानच्या डी-लिंकशी त्यांची भागीदारी होती. पुढे दोघं वेगळे झाले आणि नाईकांच्या स्मार्टलिंकने 'डिजिसोल' हा स्वतःचा ब्रँड आणला. कोकणातला माणूस तीस वर्षं हे करतोय याचं कौतुक आहेच. पण आतली मुख्य चिप इथेही मीडियाटेक, रिअलटेक, ब्रॉडकॉम, क्वालकॉम अशा मोजक्या बाहेरच्या कंपन्यांचीच असणार, डब्यावर नाव कुणाचंही असो. तेव्हा देशी घ्या, जरूर घ्या, पण चारही प्रश्न विचारून घ्या.

तर मंडळी, थोडक्यात सल्ला.

कॅमेरा घेताना वर सांगितलेल्या सरकारी तपासणीतून गेलेलं मॉडेल घ्या. ऑनव्हिफ आणि आरटीएसपी चालतं का, ते दुकानदाराला विचारा. चालत असेल तर रेकॉर्डर कुणाचाही लावता येतो, कंपनी बुडाली किंवा तिने ॲप बंद केलं तरी कॅमेरा भंगारात जात नाही. एक सोपी परीक्षा करा. रूटरमधली इंटरनेटची वायर काढा आणि बघा, घरातल्या घरात चित्र दिसतंय का? दिसत नसेल तर तो कॅमेरा तुमचा नाही, तुम्ही त्याचे भाडेकरू आहात.

रेकॉर्डिंग घरातच ठेवा. साधा एनव्हीआर पुरतो. हौस असेल तर जुन्या पीसीवर 'फ्रिगेट' टाका, ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. रूटर, एनव्हीआर आणि फायबरचा डबा तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. चाकणची वीज गेली की नेमका तेव्हाच कॅमेरा आंधळा व्हायचा, असं नको.

फायबरवाल्याच्या डब्यामागे आपला स्वतःचा रूटर लावा. त्यात कॅमेऱ्यांसाठी वेगळं नेटवर्क करा, व्हीलॅन जमत नसेल तर निदान गेस्ट वायफाय. लॅपटॉप, बँकेचे व्यवहार आणि ऑफिसचं काम एका बाजूला, कॅमेरे दुसऱ्या. हा फिरंगोजींचा मातीचा बांध. बुरुज उडाला तरी शत्रू एकदम बालेकिल्ल्यात येत नाही. या दुसऱ्या नेटवर्कला रूटरमधूनच इंटरनेटची वाट बंद करा. यूपीएनपी बंद. पोर्ट फॉरवर्डिंग अजिबात नको. बाहेरून घर बघायचं तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनने आधी घरच्या नेटवर्कमध्ये या आणि मग बघा. अनेक इंटरनेट कंपन्या घरोघरी वेगळा पब्लिक आयपी देत नाहीत, तिथे आयपीव्ही६ किंवा टेलस्केलसारखी सोय वापरावी लागेल. एका शनिवारचं काम आहे.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि अपडेट आलेत का हे बघायला कॅलेंडरवर दर महिन्याची आठवण लावा. कुमक येऊन दारात उभी आहे आणि आपण झोपलोय, याला इतिहासात माफी नाही.

शेवटचा मुद्दा उपकरणाचा नाही. २०२३ चा आपला विदासंरक्षण कायदा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. म्हणजे तुमच्या हॉलमधल्या कॅमेऱ्यात दिवसभर दिसणाऱ्या आजी, स्वयंपाकाच्या मावशी, शिकवणीला येणारी मुलं यांच्या वतीने घरात कायदा काही विचारणार नाही. ते आपणच विचारायचंय. कॅमेरा दाराशी असावा, हॉलमध्ये असलाच तर सगळ्यांना माहीत असावा, आणि घरी माणसं असताना बंद ठेवता यावा. मावशींना तो दाखवा, कधी चालू असतो ते सांगा. त्यांना ते पटलं नाही तर त्याची जागा बदला. एवढं केलंत की मग कुठला ब्रँड घ्यायचा यावर कॅंटीनमध्ये खुशाल वाद घालू.